जांबोटी भागातलं दूध संकलन: आराखड्याच्या नोंदी

३ जून

दूध संकलनाचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचं काम आज रीतसर हातात आलं. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची, जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या आजूबाजूची काही गावं. प्रत्येक गावात एक दूध संस्था, आणि सगळ्यांचा हिशेब जुळवणारं बेळगावचं कार्यालय. आज कुठे वही आहे, कुठे जुना सुटा प्रोग्रॅम. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या वह्या बेळगावला येतात आणि दोन माणसं रात्री उशिरापर्यंत आकडे चढवत बसतात.

पहिल्याच बैठकीत सगळे यंत्रांवर बोलायला लागले. सर्व्हर कुठे ठेवायचा, किती कॉम्प्युटर लागतील, टॅब घ्यायचे की साधे फोन. कार्यालयाकडून तर कोटेशनच मागितलं गेलं. मी विनंती केली की यंत्रांची नावं थोडे दिवस बाजूला ठेवू. आधी एक चित्र असं काढू ज्यात फक्त काम दिसेल: कोणतं काम, त्याला काय लागतं, त्यातून काय निघतं, पुढे कुणाकडे जातं. तो लॉजिकल आराखडा. मग दुसरं चित्र: हे काम नेमक्या कोणत्या डब्यात (म्हणजे कॉम्प्युटरमध्ये), कोणत्या वायरीवर, कोणत्या खोलीत, कोणत्या बॅटरीच्या जोरावर चालणार. तो फिजिकल आराखडा. आणि पहिल्यातलं प्रत्येक काम दुसऱ्यातल्या कोणत्या जागी बसलं याचा एक तक्ता. माझ्या मते या तिन्हींत तो तक्ताच सगळ्यात मोलाचा, आणि बहुतेक ठिकाणी तोच कुणी करत नाही.

ही विभागणी जुनी आहे. फिलिप क्रुक्तेन यांनी १९९५ साली सॉफ्टवेअरची रचना दाखवायला चार दृश्यं आणि वर एक अशी पद्धत मांडली. लॉजिकल, प्रोसेस, डेव्हलपमेंट, फिजिकल ही चार, आणि त्यांना बांधून ठेवणारे वापराचे प्रसंग हे पाचवं. आमच्या कामाला त्यातली पहिली, चौथी आणि पाचवी पुरेत.

५ जून

सकाळच्या संकलनाला जाऊन बसलो. आराखडा खुर्चीत बसून काढण्यापेक्षा रांगेच्या शेजारी उभं राहून काढलेला बरा.

माणसं चरव्या, किटल्या, छोटे कॅन घेऊन येतात. खातं नंबर सांगायचाही नसतो, काट्यावरच्या मुलाला सगळे तोंडपाठ. दूध काट्यावरच्या भांड्यात ओततात, काटा किलो दाखवतो. तिथूनच पळीभर दूध छोट्या बाटलीत घेतलं जातं. टेस्टरच्या कामावर असलेल्या वहिनी ती बाटली हलवून फॅट मशीनच्या नळीखाली धरतात. मशीन दूध ओढतं, थोडा वेळ घेतं आणि फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं. वहिनी आकडा मोठ्यानं वाचतात, मुलगा लिहितो, उत्पादकाच्या कार्डावर तोच आकडा चढतो. मोठ्यानं वाचणं महत्त्वाचं आहे. रांगेतल्या पुढच्या मागच्या चौघांना तो ऐकू जातो आणि त्यावर विश्वास बसतो.

मी वहिनींना विचारलं, लाईट गेली की काय करता? त्या म्हणाल्या, "बाटलीवर नंबर चिकटवून ठेवतो बघा. लाईट आली की फॅट काढतो. दूध कुठं थांबतंय?"

हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. दूध थांबत नाही, माप आत्ता होतं, दुधाची प्रत, म्हणजे दर्जा, नंतर कळते. म्हणजे ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांच्यामध्ये वेळ जाऊ शकतो. लॉजिकल चित्रात त्यांची एकच चौकट केली असती तर लाईट गेल्याच्या सकाळी प्रोग्रॅम "फॅट भरा" म्हणत अडून राहिला असता आणि रांग दारापर्यंत गेली असती.

७ जून

पहिला लॉजिकल आराखडा कागदावर उतरला. उत्पादक ओळखणे, माप घेणे, प्रत तपासणे, दर लावणे, नोंद पक्की करणे, पावती देणे, कार्यालयाला पोचवणे, कपाती धरणे, बिल काढणे, उत्पादकाला कळवणे. दिवाळीचं फरक बिल (दरातल्या फरकाचे दिवाळीला मिळणारे पैसे) सध्या एका रिकाम्या चौकटीत ठेवलंय.

नियम एकच लावला: चौकटीत यंत्राचं नाव आलं की ते खोडायचं. "प्रिंटर" खोडून "पावती देणे" लिहिलं. "डेटाबेस" खोडून "नोंद पक्की करणे". माझ्याबरोबरच्या मुलीनं चांगला प्रश्न विचारला: सर, हे चित्र बरोबर आहे हे ओळखायचं कसं? मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वी याच संस्थेत कॉम्प्युटर नव्हता, तेव्हाच्या कारभाराला हे चित्र लागू पडतं का बघ. तिनं एकेक चौकट घेऊन वहीशी ताडून पाहिली. नोंद पक्की करणे म्हणजे शाईनं लिहिणं, पावती म्हणजे कार्डावरचा आकडा, कार्यालयाला पोचवणे म्हणजे बिलाआधी वही बेळगावला जाणं. सगळं लागू पडलं. वहीच्या काळातही रचना हीच होती, ती उभी होती कागदावर आणि माणसाच्या आठवणीवर.

चौकटींपेक्षा त्यांच्यामधल्या बाणांवर जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. उदाहरण म्हणजे काटा. काटा किलो देतो, संस्था पैसे लिटरवर देते. दुधाची घनता पाण्याहून थोडी जास्त असते. लॅक्टोमीटर (घनता मोजायचं दुधात तरंगणारं साधन) २९ दाखवत असेल तर घनता १.०२९, म्हणजे साडेचार लिटर दूध काट्यावर ४.६३ किलो भरतं. हे रूपांतर कुठे करायचं? आम्ही ठरवलं की "माप घेणे" या चौकटीच्या आतच. तिच्या बाहेर पडणाऱ्या बाणावर फक्त लिटर असतील. उद्या एखाद्या संस्थेनं लिटर दाखवणारा काटा घेतला तर फरक त्या चौकटीच्या आत राहील, दर लावणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

असाच विचार डेटाबेसच्या जगात आधी झाला आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांच्या रूपात मांडायची रीत) मांडलं तेव्हा त्यांचा आग्रहच हा होता की माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे याचा तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला त्रास होऊ नये. डिस्कवरची मांडणी बदला, प्रश्न विचारणारा तोच प्रश्न विचारत राहील.

१० जून

एसएनएफचं सूत्र. यंत्र स्वतः एसएनएफ देतं, पण लाईट नसताना लॅक्टोमीटरवरून काढावं लागतं: लॅक्टोमीटरचा आकडा भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६. रिचमंडच्या मूळ सूत्रात शेवटचे दोन स्थिरांक ०.२ आणि ०.१४ आहेत. फॅट ६.८ आणि लॅक्टोमीटर २९ धरला तर पहिल्या सूत्रानं ९.०४ येतं, दुसऱ्यानं ८.७५. दरतक्त्यात हा फरक उत्पादकाच्या खिशाला लागतो. म्हणून सूत्र प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवायचं नाही. कोणतं सूत्र चालतं हे दरतक्त्याबरोबरच ठरावानं यायला हवं, आणि पावतीवरच्या आकड्यामागे कोणतं सूत्र होतं हे नंतरही दाखवता यायला हवं.

१२ जून

सचिवांकडे बैठक. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. लॉजिकल आराखडा त्यांच्यासमोर पसरला. मनात शंका होती की चौकटी आणि बाण पाहून ते कंटाळतील. उलट झालं. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवून एकेक बाण वाचला आणि "दर लावणे" वर थांबले.

"दर बदलला की कागद येतोय. कागद येईपर्यंत दोन दिवस जातात. तवर आमी जुन्या दरानं देतो आणि मग फरक धरतो. तुमच्या चित्रात ते कुठं हाय?"

नव्हतंच. दर ही एक संख्या नाही. दर म्हणजे तक्ता, तो कधीपासून लागू, आणि तो आमच्या हातात कधी आला, अशा तिन्ही गोष्टी. लागू होण्याची तारीख आणि हातात येण्याची तारीख वेगळ्या असतात. म्हणून जुन्या तक्त्यानं दिलेली पावती तशीच ठेवायची, आणि फरकाची वेगळी नोंद करायची. जुनी नोंद खोडून नवी लिहायची नाही. मामांनी याला लगेच मान हलवली. वहीतसुद्धा खाडाखोड चालत नाही.

पुढे इंटरनेटचं बोलायचं होईल तेव्हा ही दुरुस्ती किती उपयोगी पडणार आहे हे बैठक संपतानाच दिसू लागलं.

१८ जून

पाऊस धरला. कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभेचा उगम आहे, तिथे एकदा लागला की दिवसच्या दिवस उसंत देत नाही. झाडं वायरीवर पडतात, लाईट जाते, मोबाईलच्या टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. या दिवसांत फिजिकल आराखडा काढायला बसणं हाच खरा मुहूर्त.

एकाच लॉजिकल चित्राचे तीन फिजिकल पर्याय मांडले. पहिल्यात सगळं डोकं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर, गावात फक्त एक स्क्रीन. दुसऱ्यात सगळं गावातल्याच डब्यात, बेळगावला दहा दिवसांनी फाईल. तिसऱ्यात विभागणी.

पहिला पर्याय कागदावर सगळ्यात देखणा. एकच जागा, एकच दरतक्ता, दुरुस्ती एकदाच करायची. निपाणी किंवा चिक्कोडीसारख्या बाजारपेठेच्या गावात मी तोच निवडला असता. पण पीटर डॉइच यांनी १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीत असताना, विखुरलेल्या प्रणाली बांधणाऱ्यांच्या मनात घट्ट बसलेल्या खोट्या समजुतींची यादी केली होती, तिच्यातली पहिलीच समजूत अशी: नेटवर्क भरवशाचं असतं. जांबोटीच्या पुढे जुलैत कुणालाही विचारा.

आधी माहितीचं वजन काढून पाहिलं. एक नोंद फार तर २०० बाईट. एका संस्थेत १५० उत्पादक धरले, सकाळ-संध्याकाळ मिळून ३०० नोंदी, म्हणजे दिवसाला ६० हजार बाईट, साधारण ६० केबी. फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कितीतरी कमी. म्हणजे वेगवान इंटरनेट आपल्याला नकोच आहे. दिवसात कधीतरी पाच मिनिटं रेंज मिळाली तरी पुरेल. अडचण वेगाची नाही, नेमक्या त्या सकाळच्या दोन तासांत जोडणी असेल याची खात्री नाही, ही आहे.

तिसरा पर्याय घेतला. माप, प्रत, दर, पक्की नोंद, पावती ही पाच कामं गावातल्या डब्यात. कपाती, बिल, कळवणं ही बेळगावच्या बाजूला. पोचवणं दोघांच्या मध्ये.

१९ जून

कालचाच विचार पुढे. वाटपाचा तक्ता भरताना एक गोष्ट ठळक झाली: चौकटी आणि डबे यांची एकास एक जोडी लागत नाही. गावातल्या एका डब्यात पाच लॉजिकल कामं बसली. उलट "दर लावणे" हे एकच काम दोन ठिकाणी राहतं, गावात पावतीसाठी आणि बेळगावला पडताळणीसाठी. तीच गोष्ट दोन ठिकाणी आली की मतभेद होणार, मग शब्द कुणाचा खरा?

एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेला सिद्धांत इथे थेट लागू होतो. जोडणी तुटलेली असताना दोनपैकी एकच हातात राहतं: एक तर काम चालू ठेवा आणि दोन टोकांचं काही काळ जुळणार नाही हे मान्य करा, नाही तर जुळवणी राखा आणि काम थांबवा. आमच्यासाठी निवड वहिनींनी आधीच केली आहे. दूध थांबत नाही.

म्हणून तक्त्यात वेगळा रकाना वाढवला: शब्द कुणाचा. दरतक्ता बेळगावचा खरा, गावात त्याची नक्कल. माप आणि प्रत गावचं खरं, बेळगावला त्याची नक्कल. कार्यालयातून कुणालाही गावची माप-नोंद बदलता येणार नाही, फक्त फरकाची नोंद जोडता येईल. मामांनी १२ तारखेला जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं बसलं.

२४ जून

पावती क्रमांक. लॉजिकल चित्रात एक ओळ होती: प्रत्येक पावतीला वेगळा क्रमांक. वाचायला सोपी. पण डबे अनेक गावांत, एकमेकांशी बोलणं नाही, मग पुढचा क्रमांक देणार कोण? बेळगावला विचारून घ्यायचा म्हटलं तर जोडणी हवी. लांबलचक यादृच्छिक क्रमांक टाकला तर टक्कर होणार नाही, पण तो फोनवरून वाचून दाखवायला उत्पादकाच्या जिवावर येईल.

ठरलं असं: संस्थेचा क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि त्या पाळीतला अनुक्रमांक. कुणालाही न विचारता गावातच तयार होतो, दुसऱ्या गावाशी टक्कर होत नाही, आणि वाचताच कधीचं दूध ते कळतं. तोच क्रमांक पोचवण्याच्याही कामी येतो. रेंज अर्ध्यावर तुटली आणि तीच नोंद पुन्हा गेली तर बेळगावची बाजू क्रमांक बघून म्हणते, ही आलेली आहे, आणि सोडून देते. बिलात दूध दोनदा लागत नाही.

लॉजिकल चित्रात परत जाऊन "पाळी" ही नवी गोष्ट घातली. ती गावाच्या बोलण्यात पहिल्यापासून होती, आमच्या कागदावर मात्र फिजिकल अडचणीनं आणली. दोन चित्रांचा प्रवास वरून खाली एकाच दिशेनं होतो असं शिकवलं जातं. माझा अनुभव दर वेळी येरझाऱ्यांचा आहे, आणि तसा वेळ धरूनच कामाचं वेळापत्रक करायला हवं.

२ जुलै

उत्पादकाला कळवणे. लॉजिकल बाजूनं एकच ओळ: आजचं दूध, प्रत, रक्कम उत्पादकाला त्याच्या भाषेत कळावी. इथली बरीच घरं मराठी, काही कन्नड, सहकार खात्याकडे जाणारे कागद कन्नडमध्ये. म्हणून नोंदीत भाषा नाहीच, नोंद म्हणजे आकडे आणि खुणा. भाषा फक्त दाखवताना लागते, आणि ती उत्पादकाच्या पसंतीची.

फिजिकल बाजू मात्र हट्टी निघाली. एका एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. इंग्रजी अक्षरं सात बिटांत बसतात म्हणून १६० अक्षरं होतात. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक खुणेला दोन बाईट, म्हणजे ७०. आणि खूण म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "म्हैस" या शब्दाला पाच जागा लागतात. मसुदा असा केला:

खाते १२७ सकाळ म्हैस ४.५ लि. फॅट ६.८ एसएनएफ ९.० दर ४७.३७ रु. २१३.१७

मोजलं तर ६६. बसतो. पण तारीख नाही. "१४/७" आणि एक मोकळी जागा घातली की ७१, आणि एका खुणेसाठी दोन एसएमएस, शिवाय दोन तुकडे झाले की प्रत्येकात ६७ च जागा. "खाते" च्या जागी "नं" केलं, दोन वाचल्या. दहा लिटरांच्या वर दूध घालणारी घरं आहेत, दिवाळीला महिनाही दोन आकडी होतो, म्हणून शेवटचं "रु." पण काढलं. शेवटचा आकडा रक्कम, हे मामा सभेत सांगणार आहेत. रोमन लिपीत पाठवलं तर १६० अक्षरं मिळतात, ही सूचना कार्यालयातून आली होती. मी नको म्हटलं. ज्या आजींच्या नावावर म्हैस आहे त्यांना स्वतःच्या लिपीत आकडा वाचता आला पाहिजे, नाही तर कळवणे हे काम झालंच नाही. मसुदा ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे आधी नोंदवून घ्यावा लागतो, ते काम आजच सुरू केलं.

पावतीच्या प्रिंटरचंही तेच. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरीचे ठसे नसतात. म्हणून पावती चित्र म्हणून छापायची, ५८ मिलिमीटरच्या रोलवर रुंदीला ३८४ ठिपके. जोडाक्षरं स्वच्छ उमटली.

९ जुलै

फॅट मशीनची सिरियल वायर. प्रत्येक संस्थेत मशीन वेगळं, आकडे पाठवण्याची तऱ्हा वेगळी. एका बनवणाऱ्यानं माहितीपत्रक द्यायला टाळाटाळ केली, पण वायरीवर येणारे बाईट वाचून उलगडलं. प्रत्येक मशीनसाठी छोटा वेगळा भाग, बाहेर पडणारा बाण सगळ्यांचा सारखा.

१५ जुलै

आज चाचणी: सकाळच्या गर्दीत मुख्य स्विच मुद्दाम बंद केला. वहिनींना आधी सांगून.

फिजिकल आराखड्यात कॉम्प्युटरइतकीच बॅटरी महत्त्वाची, हे कार्यालयाला पटवायला वेळ लागला होता. हिशेब असा मांडला होता: डबा, प्रिंटर, काटा आणि फॅट मशीन मिळून सरासरी ४० वॅट. १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५०४ वॅट-तास. तिचं आयुष्य टिकावं म्हणून अर्धीच वापरायची, म्हणजे सुमारे २५० वॅट-तास, म्हणजे सहा तास. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही पाळ्या निघतात. सलग दोन दिवस लाईट आली नाही तर मात्र फॅट मशीन बंद ठेवायचं, बाकीचं चालू. त्या वेळी नोंद "प्रत बाकी" म्हणून पडते आणि पावतीवर फक्त लिटर येतात. वहिनींची बाटलीवर नंबर चिकटवायची पद्धत आता आराखड्यात आहे, आणि बाटलीवरची चिठ्ठीही हाच प्रिंटर छापतो.

स्विच बंद झाला, पंखा थांबला, रांग थांबली नाही. काट्यावरच्या मुलानं तर विचारलं, बंद केलासा काय अजून?

डब्यासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपमधून पत्र्याची पेटी करून घेतली. ओल आत जाऊ नये म्हणून वायरी खालून काढल्या. अर्थिंग नव्यानं करून घेतलं, कारण या भागात वळवाच्या विजांनी मशीनं जळाल्याच्या तक्रारी प्रत्येक गावात ऐकल्या. फिजिकल आराखड्याच्या कागदावर अर्थिंगचा खड्डाही दाखवला आहे.

२१ जुलै

बेळगावच्या कार्यालयात आढावा. हिशेबनिसांनी सरळ विचारलं, एकाच कामाची दोन चित्रं कशाला? खर्च वाढतोय.

मी उत्तर उदाहरणांनी दिलं. पुढच्या वर्षी दोन गावं मिळून एक बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी मोठी टाकी) घेणार आहेत. तेव्हा डबा हलेल, वायरी बदलतील, फिजिकल चित्र नव्यानं निघेल, लॉजिकल चित्राला हात लागणार नाही. उलट दिवाळीला फरक बिलाची रीत बदलायचा ठराव झाला तर लॉजिकल चित्रात एक चौकट बदलेल, पण गावात एकही वायर हलवावी लागणार नाही. एकच चित्र असलं तर दोन्ही वेळा सगळं परत तपासावं लागतं. शिवाय वाचणारेही वेगळे. मामांना लॉजिकल चित्र वाचता येतं आणि त्यांनी त्यातली उणीव शोधून दिली. वायरमनला फिजिकल चित्र वाचता येतं आणि त्यानं अर्थिंग कुठे घ्यायचं ते सांगितलं. आराखड्यांचं वर्णन कसं करावं याचं आंतरराष्ट्रीय मानक, ४२०१०, यातही सुरुवात इथूनच आहे: कुणाला कोणती काळजी आहे ते आधी लिहा आणि त्यांच्यासाठी त्या त्या बाजूनं चित्र काढा.

त्यांचं समाधान झालं असं वाटलं. खर्चाच्या रकान्यावर सही झाली.

३० जुलै

दहा दिवसांचं बिल वहीच्या बिलाशी ताडून पाहण्याची चाचणी. लिटर जुळले, फॅट जुळलं, रकमेत काही खात्यांना एका पैशाचा फरक. एक पैसा म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दहा दिवसांत वीस पाळ्या, वर्षभर, सगळे उत्पादक. आणि पावती एक सांगते, बिल दुसरं, तर वहिनी मोठ्यानं वाचतात त्या आकड्याची किंमत काय राहिली?

कारण सापडलं. ४.५ लिटर गुणिले ४७.३७ म्हणजे बरोबर २१३.१६५. शेवटचा अर्धा पैसा वर न्यायचा की खाली? गावातल्या डब्यातला प्रोग्रॅम पायथन या भाषेत आहे. त्याची मूळ सवय अशी की बरोबर अर्धं आलं तर जवळच्या सम अंकाकडे जायचं, म्हणून २१३.१६. बेळगावचा हिशेब पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, तिथे अर्धं आलं की वर, म्हणून २१३.१७. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आमच्या लॉजिकल आराखड्यात पूर्णांकनाचा नियम लिहिलेलाच नव्हता म्हणून प्रत्येक यंत्रानं आपली रीत लावली.

नियम लिहिला: प्रत्येक पावतीची रक्कम पैशापर्यंत, अर्धा पैसा उत्पादकाच्या बाजूनं वर, आणि बिल म्हणजे पावत्यांची बेरीज, नव्यानं गुणाकार नाही. अर्धा पैसा कुणाच्या बाजूनं हे मी ठरवलं नाही, मामांना विचारलं. ते एका शब्दात म्हणाले, "उत्पादकाच्या." फिजिकल बाजूला दोन्हीकडे दशांश काढून टाकले. दूध मिलिलिटरमध्ये, फॅट दहापट करून, पैसे पैशांत, सगळे पूर्णांक. २१३ रुपये १७ पैसे म्हणजे २१३१७. पुन्हा चालवलं, सगळी खाती जुळली.

८ ऑगस्ट

रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात रेंज जवळजवळ नाहीच. टॉवर व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. टँकर रोज सकाळ-संध्याकाळ तिथे जातो आणि बेळगावकडे परत येतो. आजपासून "कार्यालयाला पोचवणे" हे काम त्या गावापुरतं टँकरमधून: डबा पेन ड्राईव्हवर फाईल टाकतो, ती कुलूपबंद आणि डब्याच्या सहीची, त्यामुळे वाटेत कुणी उघडू शकत नाही, आणि बदलली तर बेळगावला कळतं. चालकमामा ती कॅनच्या पावत्यांबरोबर आणून देतात, परतीच्या फेरीत नवा दरतक्ता असला तर घेऊन जातात. बेळगावच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलली नाही. त्याच्या दृष्टीनं नोंदी थोड्या उशिरा येतात एवढंच, आणि उशीर धरूनच सगळं बांधलंय. वाटपाच्या तक्त्यात त्या गावाच्या रकान्यात "मोबाईल" खोडून "टँकर" लिहिलं.

राहिलेली कामं: पेन ड्राईव्ह हरवली तर डब्यात किती दिवसांच्या नोंदी राखायच्या ते ठरवणे, सध्या ९० दिवस धरलेत. कन्नड पावतीचा नमुना दोन गावांत वाचून घेणे. फरक बिलाची रिकामी चौकट भरणे. त्यासाठी मामा आणि हिशेबनीस यांना एकत्र बसवायचं आहे, गणपतीच्या आधी.